केक भाजणारीं पोरें

विलायतेस शिकावयास गेलेल्या आपल्या मुलांविषयीं एक तक्रार हल्लीं कानीं येते: तीं तिकडच्या मित्रमैत्रिणींबरोबर शनिवारीं शहरभर भटकतात, कोठल्या तरी तळघरांत उदासवाणीं 'इंडी' गाणीं ऐकतात आणि रविवारीं घरीं केक भाजीत बसतात! ही तक्रार करणारांस ना त्या संगीताची माहिती, ना भट्टीची, असें आम्हांस स्पष्ट म्हणावेंसें वाटतें.

'इंडी' म्हणजे मुळांत बड्या कंपन्यांच्या दारीं न जातां स्वतःच्या हिमतीवर काढलेलें संगीत. १९७७ सालीं मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' मंडळींनीं उसनवारी करून पहिल्या एक हजार तबकड्या काढल्या. ग्लासगोच्या 'बेल अँड सबॅस्टियन' यांचा पहिला संग्रह तर १९९६ सालीं स्टो कॉलेजच्या एका अभ्यासक्रमांतूनच निघाला. प्रती पुनः हजारच. (आमच्या कॉलेजांतून असें काय निघालें, हें कोणीं विचारूं नये.)

तीच गोष्ट केकची. दुकानांत तयार मिळत असतां जी मुलगी मैदा चाळते, लोणी-साखर फेसते आणि भट्टी अवेळीं उघडली कीं केक बसतो हें दोनदां फसून शिकते, तिला आळशी कोणत्या तोंडानें म्हणावें? तयार खाणें, तयार गाणें आणि तयार मतें घेऊन आरामखुर्चींत बसलों आहों ते आम्ही!

बाथ शहरांतील 'मोल्स' हें १९७८ पासूनचें छोटेंसें गायनगृह २०२३ सालीं खर्च न झेपल्यामुळें बंद पडलें. अशा ठिकाणीं तिकीट काढून जाणाऱ्या पोरांसच आम्ही उधळीं म्हणतों.