घुमटाला मान, कुंभाराला काय?

तेरेखोलच्या काठावरील आमच्या शाळेत स्नेहसंमेलनात मुलांनी घुमट आरती सादर केली. शामेळ-कासाळ्याच्या साथीने घुमट असे घुमले की पालकांनी ठेका धरला. नंतर आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, ही घुमटं केली कुणी?" कातडे कोणी चढवले ते मला ठाऊक होते, मातीचे भांडे कोणी घडवले ते सांगता आले नाही.

ही लाज माझ्या एकट्याची नाही. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. आपण टाळ्या वाजवल्या. घोरपडीच्या कातड्याला कायद्याने बंदी, म्हणून बकऱ्याचे आले. त्यावर तावातावाने बोललो. पण ज्या भांड्यावर ते ताणायचे, ते घडवणाऱ्या घराविषयी आपण अवाक्षर काढले नाही.

'घर' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. कुंभारकाम एकट्याचे नव्हेच. एकजण माती आणतो, घरातल्या बाया ती चाळतात, मळतात, दुसरा चाकावर बसतो, म्हातारा भट्टीचा जाळ सांभाळतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत कुंभार आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांची मदत आहे. चांगलेच आहे. परंतु लाभ कुटुंबातील एकालाच! चाकावरचा हात कारागिराचा. मग माती मळणारे हात कोणाचे?

मातीचेही तेच. परंपरेनुसार हाताने माती काढणाऱ्या कुंभारांना २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरण मंजुरीतून सूट दिली. पण सूट कागदावर आणि माती शेतात. भराव घालून शेतच बुजवले, तर ती सूट काय चुलीत घालायची?

कोणी म्हणेल, "गुरुजी, काळ बदलला. कुंभाराची मुलेही नोकरीला जातात." खुशाल जावोत, मीच त्यांना शिकवतो. चाक सोडणे हा त्यांचा हक्क आहे. पण चाक सोडल्यावाचून त्यांना मान मिळू नये, ही मात्र आपली करणी.

वाचकहो, या दिवाळीत डिचोलीच्या वा बांद्याच्या बाजारात पणत्या घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. विकणारीला तिच्या घरातली माणसे विचारा. आमच्या पुढच्या कार्यक्रमपत्रिकेत वादकांच्या नावांआधी घुमट घडवणाऱ्या घरातील सर्वांची नावे छापली जातील. त्या मुलाला मी तसा शब्द दिला आहे.