आधी कायम, मग सभासद?

शिरोली औद्योगिक वसाहतीतील फौंड्र्यांत भट्टीची धग सोसणारा, घासकामाची धूळ छातीत घेणारा कामगार आज बहुधा कंत्राटदाराच्या पटावर असतो. तरीही ‘आधी कायम व्हा, मग सभासद व्हा’ ही कल्पना कामगार चळवळीतील अनेकांना सोडवत नाही.

एके काळी तिला आधार होता. १९७० च्या कायद्याने कंत्राटी पद्धतीच्या उच्चाटनाची आशा दाखविली. बंदी घातलेल्या कामावरील कंत्राटी कामगार मूळ मालकाच्या सेवेत सामावले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली एअर इंडियाच्या खटल्यात म्हटले. २००१ साली पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात घटनापीठाने तो निर्णय मोडीत काढला. आधार गेला, कल्पना मात्र पोथीसारखी जपली जात आहे!

ती सोडणे म्हणजे शरणागती, असा आक्षेप येईल. पण १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला मुंबईचा गिरणी संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मालक व सरकार निर्दय होते, हे खरेच; परंतु थांबण्याची वेळ ओळखणे हे संघटनेचे काम होते. त्याची किंमत हजारो कामगारांच्या चुलींनी मोजली.

उलट, एकही कायम मालक नसलेल्या हमालांनी अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली १९६९ चा माथाडी कायदा मिळविला. मंडळांमार्फत मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी पदरात पाडून घेतला.

कायम नोकरी हे ध्येय राहीलच. ती सभासदत्वाची अट असू शकत नाही. शिरोलीतील कारखान्याच्या फाटकावर पहिली पावती कंत्राटी कामगाराच्या नावे फाटली पाहिजे.