ढाल मिळाली, पगाराचं काय?

मैत्रिणींनो, मुलगी खेळात नंबर काढून आली की आपण पेढे वाटतो, ढाल शोकेसमध्ये ठेवतो. पण बारावी झाली की लगेच म्हणतो, ‘पुरे आता खेळणं, त्यातून मिळणार काय?’ प्रश्न चुकीचा नाही. खेळाने पोट भरतं का, हे आईने विचारायलाच हवं. फक्त तो मुलीला विचारून गप्प बसू नये. खेळ चालवणाऱ्यांना आणि सरकारलाही विचारावा.

आमच्या परळ-लालबागकडे कबड्डी म्हणजे घरचाच खेळ. सोनाली शिंगटे ही याच भागातली. वडील सुरक्षारक्षक, आई खानावळ चालवायची. सोनालीला आवड क्रिकेटची, पण खर्च झेपणारा नव्हता. महर्षी दयानंद कॉलेजात ती कबड्डीकडे वळली. शिवशक्ती महिला संघाचे प्रशिक्षक राजेश पाडावे यांनी तिला बूट आणि किट दिलं. पुढे पश्चिम रेल्वेत नोकरी लागली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या आणि २०२५ मध्ये ढाक्यात विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात ती होती.

मेहनत तर तिची होतीच. पण वेळेवर मिळालेले बूट आणि महिन्याचा पगार नसता, तर तिशीपर्यंत खेळणं कोणत्या घराला परवडलं असतं?

मुलग्यांचं बघा. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि त्यांच्यावर कोटीच्या बोली लागू लागल्या. मुलींसाठी २०१६ मध्ये त्याच लीगच्या जोडीने तीन संघांची छोटी स्पर्धा झाली. पुढच्या मोसमात ती दिसलीच नाही!

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या बायका जगज्जेत्या होत्या, तरी २०१७ मध्ये ‘नीट मानधन द्या, नाहीतर जागतिक स्पर्धेत उतरणार नाही’ म्हणून त्यांना अडून बसावं लागलं. मागण्यांवर तोडगा निघाला, त्या खेळल्या आणि जिंकल्याही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिका-कॅनडात नवी पगारी महिला लीग सुरू झाली. मागितल्याशिवाय तिथेही कुणी दिलं नाही.

मग आपणही मागू या. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत, हे किती आयांना ठाऊक आहे? मुलीची प्रमाणपत्रं नीट फाइल करून ठेवा. कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र नोकरीसाठी चालतं, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा. एकटीला संकोच वाटला तर चौघी मिळून जा. आणि यंदा हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे लुटण्याऐवजी मंडळातर्फे एखाद्या होतकरू मुलीला बूट घेऊन द्या.

लेकीच्या खेळाचं कौतुक आपण करतोच. आता तिच्या पगारासाठीही जरा पदर खोचू या!