कल दहाव्या वर्षी ठरत नाही

‘मुलांचा कल दहाव्या वर्षीच चाचणी घेऊन पक्का करावा’ हे पत्र वाचले. त्यामागची पालकांची काळजी समजते, पण उपाय पटत नाही.

दादासाहेब फाळके यांचेच उदाहरण घ्या. ते १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रण, जादूचे प्रयोग, छपाई असे सारे केले. कोणी याला धरसोड म्हणेल. पण १९१२ मध्ये चित्रपटाचे भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी वाटाण्याला कोंब फुटून रोप वाढताना एकेक चित्र टिपले आणि ते पडद्यावर दाखवले. तेव्हा प्रकाशाची जाण, हाताची सफाई आणि चिकाटी, सगळेच कामी आले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. त्यांच्या दहाव्या वर्षी, म्हणजे १८८० मध्ये, सिनेमा जन्मलाच नव्हता. मग कोणत्या चाचणीने तो कल सांगितला असता?

अंगचे गुण काम करता करता कळतात. म्हणून शाळांना कळकळीची विनंती: चित्रकला आणि कार्यानुभवाचे तास गणिताच्या जादा तासांसाठी कापू नका.

— एक निवृत्त कलाशिक्षिका, नाशिक