विरोधकांनी प्रश्न विचारावेत, आणि पूर्ण विचारावेत

बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरलं की हुबळी-धारवाडचं पाणी, रस्ते, उड्डाणपूल हे विषय सभागृहात हमखास निघतात. विरोधी आमदार आवेशाने बोलतात, मंत्री उत्तर देतात, गोंधळ होतो, कधी सभात्याग होतो, आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते. त्या बातम्यांची कात्रणं मी ठेवते. बँकेत नोकरी केली, त्यामुळे कागद टाकवत नाही. ही कात्रणं वर्षांप्रमाणे लावून वाचली की एक गोष्ट लख्ख दिसते : प्रश्न तेच राहतात, फक्त विचारणारे आणि उत्तर देणारे बाकांची अदलाबदल करतात.

मला विरोधी पक्ष हवा आहे, जोरात बोलणारा हवा आहे. सरकार कुणाचंही असो, त्याला उठता-बसता जाब विचारणारा माणूस सभागृहात नसेल तर आमच्यासारख्या राजधानीपासून चारशे किलोमीटर लांबच्या गावाकडे कोण बघणार? पण या शहरात विरोधकांचा प्रश्न अर्ध्यावर थांबतो, आणि तो का थांबतो हे आम्ही मतदारांनी स्पष्ट बोलायला हवं.

आमच्याकडची रचनाच बघा. राज्यात मे 2023 पासून काँग्रेसचं सरकार आहे, म्हणजे विधानसभेत भाजप विरोधी बाकावर. हुबळी-धारवाड पश्चिमचे आमदार अरविंद बेल्लद यांना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विरोधी पक्षाचं उपनेतेपद मिळालं. त्यांच्यासमोर सरकारच्या बाजूला आहेत आमच्याच जिल्ह्यातले, कलघटगीचे संतोष लाड, मंत्री आणि जिल्ह्याचे पालकमंत्री. महापालिकेत चित्र उलटं : 2021 च्या निवडणुकीत 82 पैकी भाजपचे 39 नगरसेवक आले, काँग्रेसचे 33, म्हणून तिथे काँग्रेस विरोधात. दिल्लीत पुन्हा भाजप, आणि आमचे खासदार प्रल्हाद जोशी केंद्रात मंत्री. दोन्ही पक्ष एकाच वेळी सत्तेतही आहेत आणि विरोधातही. पाण्याचा प्रश्न महापालिकेत निघाला की राज्याकडे बोट जातं, विधानसभेत निघाला की दिल्लीकडे किंवा पुन्हा महापालिकेकडे.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण या शहरात त्याहून मोठा प्रश्न नाही.

आमच्याकडे पाणी दोन ठिकाणांहून येतं. सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणातलं मलप्रभेचं पाणी उपसून अम्मिनभावीला आणतात, तिथे शुद्ध करून ते दोन्ही शहरांकडे सोडतात. दुसरा स्रोत कलघटगी तालुक्यातला नीरसागर. तो पावसावर भरतो आणि दुष्काळात तळ गाठतो. 2008 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा इथल्या निवडक भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं. सतत दाबाखाली राहणारी नवी वाहिनी, घरोघरी मीटर. देशभरातून लोक ते बघायला आले. पण आमच्या शहरात त्याचा लाभ झाला साधारण दहा टक्के वस्तीला. उरलेल्यांना पाणी काही दिवसांआड, आणि उन्हाळ्यात ते दिवस वाढतात.

धारवाडच्या माळमड्डीतल्या आमच्या घरी आजही पाणी आलं की पहिल्या दोन बादल्या अंगणात ओततात. सासूबाई तसं करायच्या, आता मी करते. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. कारण मला कळलं ते बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांच्या अभ्यासातून. त्यांनी याच शहरात दोन्ही प्रकारच्या भागांतल्या नळांचे नमुने तपासले. वाहिनी रिकामी असते तेव्हा आत दाब नसतो. मग फटींमधून गटाराचं, जमिनीतलं पाणी आत ओढलं जातं, आणि नळ सुटला की सुरुवातीच्या लोंढ्यात तेच येतं. 2013 मध्ये छापलेल्या निष्कर्षांत दिसलं की काही दिवसांआड पाणी येणाऱ्या भागातल्या नळांच्या सुमारे 32 टक्के नमुन्यांत ई. कोलाय जंतू होते. चोवीस तास पाणी असलेल्या भागात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. त्याच गटाने 2015 मध्ये मुलांच्या आजारांचा अभ्यास छापला. जुलाबाच्या एकूण प्रमाणात दोन्हीकडे फरक दिसला नाही, पण गरीब घरांतल्या मुलांमध्ये रक्ताच्या जुलाबाचं प्रमाण चोवीस तास पाण्याच्या भागात कमी होतं.

एकाच शहरात, एकाच धरणाच्या पाण्यावर वाढणारी दोन मुलं. एकाच्या नळाला स्वच्छ पाणी, दुसऱ्याच्या नळाला जंतू. विरोधी आमदाराच्या हाती याहून धारदार कागद कोणता असू शकतो? तरीही माझ्या कात्रणांत हा आकडा सभागृहात कुणी वाचून दाखवल्याची एकही बातमी नाही. त्याचं कारण मला असं दिसतं की हा आकडा वाचला तर पुढचा प्रश्न स्वतःवर येतो. चोवीस तास पाण्याची आखणी, करार आणि प्रत्यक्ष पाणी या प्रवासात राज्यात काँग्रेस, जनता दल आणि भाजप तिघेही सत्तेत येऊन गेले. दहा टक्क्यांवरून शंभर टक्क्यांवर जायला इतकी वर्षं का लागली, या प्रश्नाच्या उत्तरात सगळ्यांची नावं आहेत. मग सोपा मार्ग उरतो : यंदाच्या टंचाईवर बोलायचं, यंदाच्या मंत्र्याला बोलायचं.

म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवण्याच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाचंही तेच झालं. म्हादई लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये निकाल दिला. त्यात मलप्रभेत वळवण्यासाठी कर्नाटकाला 3.9 टीएमसी पाणी मिळालं, पिण्यासाठी. डिसेंबर 2022 च्या अखेरीस केंद्रीय जल आयोगाने सुधारित आराखडा मान्य केला. तेव्हा राज्यात आणि केंद्रात भाजप होता. काँग्रेसने लगेच हुबळीत मोठी सभा घेतली आणि वन खात्याच्या मंजुरीचं काय, असा सवाल केला. तो सवाल रास्तच होता. सहा महिन्यांत काँग्रेस सत्तेत आली आणि सवाल विचारणाऱ्यांवरच उत्तर देण्याची पाळी आली. आता भाजपवाले राज्याला विचारतात आणि काँग्रेसवाले केंद्राला. गोव्याचा विरोध आहेच, आणि पश्चिम घाटातल्या जंगलाबद्दलची त्यांची काळजी मला खोटी वाटत नाही. पण धारवाडकराला एवढं तरी कळायला हवं की कुठल्या कार्यालयात कुठला कागद अडला आहे. दोन्ही बाजूंच्या भाषणांतून तेवढंच कळत नाही.

बीआरटीएसची गोष्ट याहून बोलकी आहे. हुबळी आणि धारवाड यांच्यामधला वीस-बावीस किलोमीटरचा रस्ता, त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखलेली मार्गिका, उंच थांबे, वातानुकूलित चिगरी बस. यासाठीची कंपनी 2012 मध्ये, भाजपच्या काळात स्थापन झाली. बांधकाम बहुतांश काँग्रेसच्या काळात झालं. ऑक्टोबर 2018 मध्ये चाचणी म्हणून बस धावू लागल्या तेव्हा जनता दल आणि काँग्रेसचं संयुक्त सरकार होतं. 2 फेब्रुवारी 2020 रोजी उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते औपचारिक उद्घाटन झालं, तेव्हा पुन्हा भाजप. आज या प्रकल्पाला नावं ठेवताना दोन्ही पक्षांत चढाओढ आहे. मार्गिका सगळ्या वाहनांना मोकळी करा, ही बस बंदच करा, तिच्या जागी हलकी रेल्वे आणा, अशा मागण्या होतात.

मी अनेक वर्षं रोज धारवाडहून हुबळीला नोकरीसाठी गेले. जुन्या गाड्यांतून गेले, बेंद्रे सारिगेच्या बसमधून गेले, निवृत्तीच्या आधी चिगरीतूनही गेले. चिगरीत बाईमाणसाला नीट उभं राहता येतं, वेळेवर पोचता येतं, उतरताना कुणी ढकलत नाही. ही बस वाईट म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. वाईट झालं ते तिच्या आजूबाजूचं : बाकीची वाहनं अरुंद पट्ट्यात कोंबली गेली, रस्त्याच्या मध्यावरच्या थांब्यापर्यंत म्हाताऱ्या माणसाने पोचायचं कसं हे कुणी नीट पाहिलं नाही, पाऊस पडला की सखल भागात तळी साचतात, आणि आतल्या वस्त्यांमधून मुख्य रस्त्यापर्यंत आणणाऱ्या छोट्या बस पुरेशा आल्याच नाहीत. यावर प्रश्न विचारायचा तर आराखडा उघडून विचारावा लागेल, की कागदावर काय होतं, झालं काय, आणि राहिलेलं कुणाच्या काळात गाळलं गेलं. अख्खा प्रकल्पच फसला असं ओरडण्यात फार कष्ट नाहीत, आणि त्यात स्वतःची सहीही झाकली जाते.

सप्टेंबर 2024 मध्ये हुबळीत उड्डाणपुलाच्या कामावरून लोखंडी सळई खाली पडली. खालून दुचाकीवरून जाणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या डोक्याला लागली आणि काही दिवसांनी ते गेले. पैसा केंद्राचा, देखरेख राज्याच्या यंत्रणेची, ठेका जुन्या सरकारच्या काळातला. मृत्यूनंतर सगळ्याच पक्षांचे नेते बोलले. काम चालू असताना खालची वाहतूक का थांबवली नाही, हा एका ओळीचा प्रश्न त्या आधी कुणीतरी लावून धरला असता तर? हुबळी-धारवाड बायपासवरही हेच घडलं. गब्बूर ते नरेंद्र हा टोलचा रस्ता वर्षानुवर्षं दुपदरीच राहिला. आजूबाजूचे लोक धोका सांगत होते. 15 जानेवारी 2021 ला इटिगट्टीजवळ दावणगेरेच्या बायकांची गाडी चिरडली, तेव्हा कुठे रुंदीकरणाचा विषय सगळ्यांच्या तोंडी आला.

आणि एक काळ असाही होता की विचारायलाच कुणी नव्हतं. मार्च 2019 मध्ये महापालिकेची मुदत संपली. निवडणूक झाली सप्टेंबर 2021 मध्ये, आणि महापौर निवडला गेला मे 2022 मध्ये. तीन वर्षांहून अधिक काळ लाखो लोकांच्या शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. कोविड त्याच काळात आला. निवडून आलेल्या नगरसेवकांना पहिल्या सभेसाठी आठ-नऊ महिने थांबावं लागलं. यासाठी दोन्ही पक्षांनी जनतेची माफी मागायला हवी होती असं माझं ठाम मत आहे.

मराठी वाचकाला मृणाल गोरे आठवत असतील. मुंबईची पाणीवाली बाई. 1961 मध्ये त्या नगरसेविका झाल्या, पुढे आमदार, खासदार, विधानसभेत विरोधी पक्षनेत्या. त्यांचा मोर्चा मोठा असायचा, पण आधी गोरेगावच्या वस्त्यांमध्ये नळ किती, माणसं किती, हे त्यांना ठाऊक असायचं. प्रश्न विचारून त्या घरी जात नसत, पाणी येईपर्यंत मागे लागत. आमच्या आमदारांकडेही साधनं कमी नाहीत. तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी आहे, मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही हे तपासणारी आश्वासन समिती आहे. अधिवेशन बेळगावात, धारवाडहून दीड-दोन तासांवर. तिथे गोंधळात एक दिवस वाहून गेला की आमच्या भागाचा प्रश्नोत्तराचा एक तास जातो, तो पुढच्या वर्षीच परत मिळतो. बेल्लद यांच्याकडे आता उपनेतेपदाचं वजन आहे. ते वजन त्यांनी या कामाला लावावं. 2008 पासूनच्या सगळ्या सरकारांचा हिशेब मागावा, त्यात स्वतःच्या पक्षाचीही वर्षं धरावीत. मग समोरच्या मंत्र्याला उलट बोट दाखवायला जागा राहणार नाही.

एक प्रश्न तर आत्ताच तातडीचा आहे. जानेवारी 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हुबळी-धारवाड महापालिका विभागून धारवाडला स्वतंत्र महापालिका द्यायला मान्यता दिली. धारवाडकर म्हणून मला त्याचा आनंद आहे. 1962 पासूनच्या एकत्र संसारात आमच्या वाट्याला कमीच आलं. पण अम्मिनभावीचं शुद्धीकरण केंद्र दोन्ही शहरांना पाणी देतं. विभाजनानंतर ते कुणाच्या नावावर राहणार, पंपांचं वीजबिल कोण भरणार, चोवीस तास पाण्याच्या ठेक्यात ठेकेदाराला जाब कुठली महापालिका विचारणार, आणि नीरसागर आटला की सौंदत्तीच्या पाण्यातला कुठल्या शहराचा वाटा आधी कापला जाणार? हे चार मुद्दे लेखी, तारांकित प्रश्न म्हणून पुढच्या बेळगाव अधिवेशनात यावेत, आणि मंत्र्याच्या लेखी उत्तराची प्रत दोन्ही शहरांच्या प्रत्येक वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर कन्नडमध्ये, आणि जमलं तर मराठीतही लागावी.