काटकसरीचे विमान

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. रेडिओ-नियंत्रित छोट्या विमानांच्या बाबतीत मात्र मोलाचीच धास्ती आधी घेतली जाते. हा छंद श्रीमंतांचा, फार तर अभियांत्रिकीच्या मुलांचा. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने आपला पतंग उडवावा, असा समज रूढ आहे. तो मला मान्य नाही. तयार विमान विकत घेणाऱ्यापेक्षा स्वस्तात बांधणारा अधिक शिकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतिहासाची साक्षही काटकसरीच्याच बाजूची आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ लँग्ली यांना विमानासाठी सरकारने ५०,००० डॉलर दिले होते. त्यांचे विमान १९०३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा ८ डिसेंबरला पोटोमॅक नदीत कोसळले. त्यानंतर नऊच दिवसांनी राइट बंधूंचे विमान १२ सेकंद हवेत राहिले. त्यांचा खर्च हजार डॉलरच्या आत होता. सांगाडा लाकडी आणि त्यावर सुती मलमल!

विमानाला किंमत कळत नाही, वजन तेवढे कळते. बाल्सा लाकूड उत्तम खरे. पण ते मुख्यतः इक्वेडोरहून येते, म्हणून महाग पडते. त्याऐवजी फोमबोर्डाचे पंख आणि आत आधाराला बांबूची कामटी घेतली, तरी पहिले विमान झकास उडते. थर्माकोलला मात्र फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंकच लावावा. उग्र वासाचे द्रावकयुक्त डिंक त्याला खाऊन टाकतात. शेपटी हलकी ठेवावी, कारण तिथल्या एका ग्रॅमचा तोल साधायला नाकाशी कित्येक ग्रॅम घालावे लागतात.

आच्छादनाची विद्या तर आपल्या घरातलीच आहे. दिवाळीत ज्याने कामट्यांचा आकाशकंदील केला, त्याला ती निम्मी अवगत असते. सांगाड्यावर पातळ कागद खळीने चिकटवावा आणि वर पाण्याचा बारीक फवारा मारावा. वाळताना कागद ढोलकीच्या पुडीसारखा ताणला जातो. मग पातळ रोगणाचा हात द्यावा. हे सारे पंखाच्या दोन्ही अंगांना सारखेच हवे. नाही तर पंखाला पीळ पडतो आणि विमान एका बाजूला कलंडते. फोमच्या पंखाला पुढच्या कडेवर चिकटपट्टी पुरे. सबंध पंख गुंडाळला तर वजन उगाच वाढते.

स्वस्त विमान लवकर मोडते, असा आक्षेप कोणी घेईल. मोडते खरे, पण ज्याने बांधले, तो संध्याकाळी ते जोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर हजर असतो. महागडे विमान मोडण्याच्या भीतीने कपाटातच राहते! काटकसर नको ती दोनच ठिकाणी : रेडिओ-संच आणि बॅटरीचा चार्जर. लिथियम पॉलिमर बॅटरीच्या एका घटाला साधारणतः ४.२ व्होल्टची मर्यादा असते; ती ओलांडली तर आग लागू शकते. उडवायचे तेही माणसांपासून आणि विमानतळापासून दूर, मोकळ्या माळावर, नियम पाहूनच.

आपल्या महाविद्यालयात वक्तृत्वाला व्यासपीठ आहे, नाटकाला रंगमंच आहे. हाताने काही घडवण्यासाठी एक टेबल, चार कामट्या आणि शनिवारची दुपार मिळाली, तर ती मागणी फार मोठी नाही. पुस्तकातले वाक्य चुकले तरी खपून जाते. चुकलेला पंख हवेत खपत नाही. असे रोखठोक शिक्षण आम्हा कलाशाखेच्या मुलांनाही मिळायला हवे.