फ्लॅट तुमचा, पण खालची जमीन कुणाच्या नावावर?

मनीषनगरातली फ्लॅट स्कीम साधी असते. लेआउटमधला एक प्लॉट, खाली पार्किंग, वर तीन-चार मजले. ग्राहक कार्पेट एरिया मोजतो, बँकेचा हप्ता मांडतो आणि रजिस्ट्री करून मोकळा होतो. त्या कागदात 'जमिनीतील अविभक्त हिस्सा' म्हणून टक्क्यांत एक आकडा असतो. तो सहसा कुणी वाचत नाही.

१८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टनुसार स्थावर मालमत्ता म्हणजे जमीन, जमिनीपासून मिळणारे लाभ आणि जमिनीला कायम जोडलेल्या वस्तू. मग तिसऱ्या मजल्यावरच्या चार भिंती स्वतंत्र मालमत्ता कशा? सोसायटीत उत्तर सोपं: जमीन-इमारत सोसायटीची, तुम्ही सभासद. महाराष्ट्राने १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याने दुसरी वाट काढली. कलम ४ नुसार फ्लॅट आणि सामाईक जागेतला त्याचा अविभक्त हिस्सा मिळून एक स्थावर मालमत्ता ठरते. ती विकता येते, वारसांकडे जाते. मात्र हे आपोआप होत नाही. 'डिक्लरेशन' नोंदवून इमारत या कायद्याखाली आणावी लागते.

व्याख्या बदलली, दप्तर आडवंच राहिलं. सातबारा किंवा आखीव पत्रिका जमिनीच्या तुकड्याची निघते, मजल्याची नाही. त्यामुळे लोक राहायला येऊन वर्षं लोटली तरी तिथे जुन्या प्लॉटमालकाचंच नाव असू शकतं. रोजच्या जगण्यात याने काही अडत नाही. अडतं ते इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली की, किंवा जुन्या मालकाचे वारस उरलेल्या एफएसआयवर हक्क सांगू लागले की. एफएसआय ही हवेतली गोष्ट नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये छेडा हाउसिंग प्रकरणात एफएसआय-टीडीआर हा जमिनीपासून मिळणारा लाभ, म्हणजे स्थावर मालमत्ताच मानला.

प्रत्येक फ्लॅटला स्वतःचं 'व्हर्टिकल प्रॉपर्टी कार्ड' देण्याची चर्चा राज्यात गेली काही वर्षं सुरू आहे. एव्हाना ते हातात पडायला हवं होतं. कर आकारताना यंत्रणेला मजले आणि फ्लॅट बरोबर मोजता येतात. मालकी लिहितानाच अडचण का यावी?

तोवर डिक्लरेशनची प्रत मागून घ्यावी आणि सगळ्या फ्लॅटच्या टक्क्यांची बेरीज करावी. ती १०० भरत नसेल, तर उरलेला हिस्सा कुणी राखून ठेवलाय, हे विक्रीपत्रावर सही करण्याआधी लेखी विचारावं.